डोक्यावरचे दोन चौकोन

बायकोनं जेवणाच्या टेबलावर बाटली ठेवली, खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, "वाचा."

तपासनिसांनी चष्मा चढवला. बाटली गडद हिरवी, झाकण सोनेरी, आणि चिठ्ठीवर एका बाईचा पाठमोरा फोटो. तिचे केस चिठ्ठीत मावत नसल्यामुळे बाटलीला वळसा घालून मागच्या बाजूला आले होते. खाली लिहिलं होतं, 'बेचाळीस दिवसांत नवे, दाट, घनदाट केस. हजारोंनी अनुभवलेलं सत्य.'

"दाट आणि घनदाट यांत फरक काय, ते दिलेलं नाही," ते म्हणाले. "आणि हजारो म्हणजे नक्की किती?"

"मी ते विचारत नाहीये. लावू की नको, एवढंच सांगा."

दुसरा कुठलाही नवरा असता तर 'लाव' म्हणून मोकळा झाला असता. पण तपासनीस गेली अठ्ठावीस वर्षं रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळत होते. बाजारात जाणारा प्रत्येक रंग आधी त्यांच्याकडे यायचा. ते एका पत्र्याच्या अर्ध्या भागाला तो रंग लावत, अर्धा भाग कोरा ठेवत, आणि तो पत्रा गच्चीवर उन्हापावसात मांडून ठेवत. ठरलेले दिवस भरले की दोन्ही भाग भिंगाखाली बघत आणि मगच अहवालावर सही करत. घाई करणाऱ्या मालकांनासुद्धा त्यांनी गच्चीवर नेऊन पत्रे दाखवले होते. आयुष्यात त्यांची एकही सही चुकीची निघाली नव्हती. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता आणि घरच्यांना कंटाळा.

या वेळी मात्र बायकोला तीच सही हवी होती. चार महिन्यांपूर्वी तिला मोठा ताप येऊन गेला होता. ताप गेला आणि जाताना केस घेऊन गेला. आधी कंगव्यात, मग उशीवर, मग न्हाणीच्या जाळीत. उरले ते इतके विरळ की टाळू सरळ दिसायची. डॉक्टर म्हणाले होते, येतील हळूहळू, धीर धरा. तिनं धीर न धरता एक तेल, एक शाम्पू आणि एक लेप लावून बघितला होता. तेलानं उशा खराब झाल्या, शाम्पूनं काहीच झालं नाही, आणि लेपानं उरलेल्यांपैकी बरेचसे केस स्वतःबरोबर नेले. तेव्हापासून ती घरातसुद्धा रुमाल बांधून असायची आणि दाराची बेल वाजली की आतल्या खोलीत जायची.

ती पोस्टात तिसऱ्या खिडकीवर बावीस वर्षं काम करत होती. दोनदा वाढवून घेतलेली रजा आता संपत आली होती. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला हजर व्हा, नाहीतर काय ते स्पष्ट कळवा, असं पत्र आलं होतं. तिनं राजीनामा लिहून कपाटात ठेवला होता. फक्त तारीख घालायची बाकी होती.

"त्या खिडकीत मला दिवसभर मान खाली घालून शिक्के मारायचे असतात," ती म्हणाली. "समोरच्याला माझा चेहरा दिसतच नाही. डोकंच दिसतं. मला नाही जमणार."

"रुमाल बांधून गेलीस तर?"

"मग सगळे विचारणार, रुमाल का बांधलाय." तिनं बाटली त्यांच्याकडे सरकवली. "आता जे उरलेत त्यांच्यावर मी काहीबाही लावणार नाही. तुम्ही तपासा. तुमची सही असेल तरच लावीन. नाहीतर राजीनाम्यावर तारीख घालते."

त्यांनी कॅलेंडर बघितलं. पंधरा तारखेला बरोबर त्रेचाळीस दिवस होते. हे दिवस तपासण्यातच गेले तर लावायचं कधी, हा प्रश्न दोघांपैकी कुणालाच पडला नाही. बायकोला पडला नाही कारण ती खचलेली होती. तपासनिसांना पडला नाही कारण त्यांच्या डोक्यात एव्हाना पत्रा तयार होत होता.

पत्रा म्हणजे त्यांचं स्वतःचंच डोकं. चोपन्नाव्या वर्षी त्यांचे केस गच्च होते आणि त्याची त्यांना बायकोसमोर अलीकडे लाज वाटायची. दुसऱ्याच दिवशी ते न्हाव्याकडे गेले आणि दोन्ही कानांच्या वर, चार चार बोटं सोडून, टपालाच्या तिकिटाएवढा एकेक चौकोन भादरायला सांगितला.

न्हाव्यानं हातातला वस्तरा खाली ठेवला. "साहेब, नक्षी म्हणताय का?"

"नाही. चौकोन. कडा सरळ हव्यात."

"कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नका," न्हावी म्हणाला आणि काम मात्र चोख केलं. कारखान्यात आल्यावर तपासनिसांनी प्रयोगशाळेतल्या सहायिकेकडून चौकोनांभोवती न पुसणाऱ्या निळ्या शाईच्या रेघा मारून घेतल्या आणि डाव्याला 'अ', उजव्याला 'ब' लिहून घेतलं. सहायिका पाच वर्षं त्यांच्या हाताखाली होती. तिनं कारण विचारलं नाही, फक्त पट्टी आणली.

खरा पेच पुढे होता. प्रयोगशाळेत एक कडक नियम होता. मोजणाऱ्याला कुठल्या भागावर काय लावलंय ते माहीत असता कामा नये, नाहीतर त्याला हवं तेच दिसतं. म्हणजे घरात एक असा माणूस हवा होता जो औषध एका बाटलीत आणि पाणी दुसऱ्या बाटलीत भरेल आणि तोंड बंद ठेवेल. बायकोच्या आजारपणापासून सासूबाई मुक्कामाला होत्या. तपासनिसांनी त्यांच्यासमोर अ आणि ब लिहिलेल्या दोन रिकाम्या बाटल्या ठेवल्या.

"आई, यांतल्या एकीत ते औषध भरा, दुसरीत पाणी. कशात काय ते कागदावर लिहून पाकिटात घाला आणि पाकीट चिकटवा. कुणाला सांगायचं नाही. मला तर मुळीच नाही."

"म्हणजे तुमच्यापासून लपवायचं?"

"हो."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "ते जमेल."

संध्याकाळी दोन्ही बाटल्या भरून मिळाल्या. पाकीट इतकं चिकटवलेलं होतं की कडेनं खळ बाहेर आली होती. तपासनिसांनी अ ची बाटली उघडली आणि नकळत हुंगली. उग्र, औषधी, जडीबुटीचा वास. ब ला काहीच वास नव्हता. त्यांनी झाकण पटकन लावलं आणि आपण काहीच हुंगलं नाही असं स्वतःला बजावलं.

दुसऱ्या दिवसापासून तपासनीस ते डोकं घेऊन जगात वावरू लागले. सहायिकेनं टोपी सुचवली, पण टोपी घातली असती तर चौकोनांना ऊन मिळालं नसतं. ते झोपायचे उताणे, कारण कुशीवर झोपलं तर एकीकडचं उशीला लागेल. दर शनिवारी चौकोनांतले केस पुन्हा बारीक कापले जायचे, शाई नव्यानं फिरवली जायची आणि सहायिका दोन्हींचे मोठे फोटो काढायची. कारण विचारणाऱ्याला ते एकच उत्तर द्यायचे. बायकोच्या केसांची गोष्ट चारचौघांत काढणं त्यांना शक्य नव्हतं आणि खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून ते म्हणायचे, "बेचाळीस दिवसांनी कळेल."

हे उत्तर शंभर टक्के खरं होतं आणि त्यानंच सगळा घोटाळा केला.

पहिल्या आठवड्यात कारखान्यात बातमी पसरली की साहेबांच्या डोक्याचं ऑपरेशन आहे, डॉक्टरांनी जागा आखून दिल्यात. दुसऱ्या आठवड्यात ती सुधारून अशी झाली की ऑपरेशनचा उपयोग नाही, डॉक्टरांनी बेचाळीस दिवस दिलेत. तिसऱ्या आठवड्यात भांडारपाल प्रयोगशाळेत आला. त्याचं आणि तपासनिसांचं नऊ वर्षं एका शिडीवरून बोलणं बंद होतं.

"ती शिडी माझीच चूक होती," तो चौकोनांकडे न बघायचा प्रयत्न करत म्हणाला. "मनात ठेवू नका."

"नाही ठेवत," तपासनीस म्हणाले. त्यांना बरं वाटलं आणि कारण काही कळलं नाही. व्यवस्थापक त्यांना दारापर्यंत सोडायला येऊ लागले. कँटीनमध्ये रांगेत त्यांना पुढे घालू लागले. एकदा तर तीन दिवस घाईचा म्हणून डोक्यावर बसलेला एक अहवाल व्यवस्थापकांनी स्वतःहून मागे घेतला आणि म्हणाले, "तुमचा वेळ यात नका घालवू."

शेजारीणबाईंचा भाऊ कारखान्यातच होता, त्यामुळे बातमी जिना चढून वर यायला वेळ लागला नाही. एका दुपारी बेल वाजली. सासूबाई आंघोळीला होत्या, म्हणून बायकोला दार उघडावं लागलं. शेजारीणबाई उंबऱ्यावरच तिच्या गळ्यात पडल्या.

"तुम्ही एकट्या कशा सोसताय हो हे? आता किती राहिले?"

"काय किती राहिले?"

"दिवस. सतरा ना?"

बायकोला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ती दारातच खाली बसली आणि हसू लागली. ताप आल्यापासून ती हसली नव्हती. हसता हसता रुमाल सुटून खांद्यावर आला तरी तिला कळलं नाही, आणि शेजारीणबाईंनाही नाही. दुःखानं बाईचं डोकं फिरलं, एवढंच त्यांनी खाली जाऊन सांगितलं. संध्याकाळी तपासनीस घरी आले तेव्हा बायकोनं त्यांना यातलं काही सांगितलं नाही. नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. ते म्हणाले, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही, जेवायला बसा."

बेचाळिसाव्या दिवशी तपासनिसांनी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि शेवटच्या फोटोंवर भिंग धरून मोजायला बसले. प्रत्येक चौकोनाच्या मधोमध नखाएवढा भाग. अ मध्ये एकशे त्रेचाळीस केस. ब मध्ये एकशे अठरा. त्यांनी पुन्हा मोजले. पुन्हा तेच. पाकीट उघडण्याआधी सही करायची आणि पाकीट साक्षीदारांसमोर उघडायचं, हा नियम होता. म्हणून त्यांनी लिहिलं, 'अ चौकोनातली वाढ स्पष्टपणे अधिक आहे,' आणि खाली सही केली. इतकी ठळक सही त्यांनी कधी केली नव्हती.

घरी येऊन त्यांनी अहवाल बायकोच्या हातात दिला. तिनं तो सावकाश वाचला.

"सही केलीत?"

"केली. पाकीट उद्या सकाळी उघडीन. पण मला खात्री आहे."

"बरं," ती म्हणाली, अहवालाची घडी करून पर्समध्ये ठेवली, आणि मग म्हणाली, "उद्या मी कामावर जातेय."

तपासनीस चकित झाले. औषधाचा थेंबही अजून तिच्या डोक्याला लागला नव्हता. पण आपल्या सहीवर माणसाचा एवढा विश्वास असू शकतो, या विचारानं ते इतके भारावले की त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

सकाळी ती त्यांच्या आधी निघाली. त्यांनी प्रयोगशाळेत सहायिकेला आणि भांडारपालाला साक्षीदार म्हणून उभं केलं आणि पाकीट फाडलं. कागदावर सासूबाईंचं ठसठशीत अक्षर होतं. 'दोन्ही बाटल्यांत पाणी आहे. जावईबापू, रागावू नका. तुमचं डोकं आधीच भरलेलं. पोरीसाठी आणलेली वस्तू त्यावर ओतणं मला पटलं नाही. औषधाची बाटली न फोडता माझ्या ट्रंकेत आहे.'

तपासनिसांनी फोन उचलला.

"आई, अ च्या बाटलीला वास येत होता."

"येणारच. आधी त्यात माझं गुडघ्यांचं तेल होतं. दोनदा विसळली होती हो मी."

त्यांनी फोन ठेवला. सहायिकेनं कुणी न सांगता फोटो पुढ्यात ओढले आणि भिंग घेऊन मोजू लागली. अ मध्ये एकशे सोळा. ब मध्ये एकशे अठरा. मग तिनं हलक्या आवाजात सांगितलं, "साहेब, ही बारीक लव आहे ना, ती तुम्ही अ मध्ये केस म्हणून मोजलीत आणि ब मध्ये सोडून दिलीत."

अठ्ठावीस वर्षांत पहिली चुकीची सही, आणि ती बायकोच्या पर्समध्ये घडी करून पोस्टात गेली होती. खोट्या कागदाच्या भरवशावर ती त्या खिडकीत मान खाली घालून बसली असेल, लोक बघत असतील, आणि तिला वाटत असेल की औषध आहे, केस येणार आहेत. तपासनीस तसेच व्यवस्थापकांकडे गेले आणि अर्ध्या दिवसाची रजा मागितली.

व्यवस्थापकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. तो त्रेचाळिसावा दिवस होता. ते खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी तपासनिसांना मिठी मारली. "जा," ते म्हणाले. "घरच्यांबरोबर राहा. इथलं आम्ही बघतो."

पोस्टात तिसऱ्या खिडकीसमोर अकरा माणसं होती. तपासनीस बाराव्या जागी उभे राहिले, कारण घाईत असले तरी रांग मोडणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. तिथून ती दिसत होती. रुमाल नव्हता. केस बोटभर, विरळ, आणि दिव्याखाली टाळू चमकत होती. ती खाली बघून शिक्के मारत होती, पत्रं वजनकाट्यावर टाकत होती, एका बाईला फॉर्म पुन्हा भरायला लावत होती. तिच्या डोक्याकडे कोण बघतंय ते तपासनीस शोधू लागले, आणि त्यांच्या लक्षात आलं की रांगेतली सगळी माणसं मागे वळून त्यांच्याच डोक्याकडे बघतायत.

त्यांचा नंबर आला. तिनं मान वर केली.

"अहो, तुम्ही? काय झालं?"

"मला सही मागे घ्यायचीय," ते म्हणाले. "दोन्हीत पाणी होतं. औषधाबद्दल काहीच सिद्ध झालेलं नाही. तो कागद खोटा आहे."

"माहीत आहे मला. आईनं त्याच दिवशी सांगितलं होतं."

"मग बेचाळीस दिवस गप्प का बसलीस?"

"बोलले असते तर तुम्ही दुसऱ्या दिवशी टोपी घालून गेला असता." तिनं इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "आधी वाटलं, चार दिवसांत कंटाळतील. तुम्ही काही थांबेनात. रोज सकाळी मी खिडकीतून बघायचे. तुम्ही ते डोकं घेऊन रस्त्यानं जायचात. पोरं थांबून बघायची, बायका बोट दाखवायच्या. तुम्ही आपले सरळ चालत. मला रडू यायचं, आणि हसूपण यायचं. मग एक दिवस वाटलं, हे माझ्यासाठी एवढं करून असे चाललेत आणि मी राजीनामा लिहून बसलेय. लाज वाटली मला."

"पण मला फरक दिसला होता," ते म्हणाले. त्यांना अजून तेच टोचत होतं. "पंचवीस केसांचा. मी दोनदा मोजले."

"दिसणारच. दिसायला हवा होता तुम्हाला." तिनं पर्सवर हात ठेवला. "कागद मी परत देणार नाही. आता बाजूला व्हा, मागे लोक खोळंबलेत."

ते बाजूला होऊन भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांच्या मागे एक म्हातारे गृहस्थ होते, हातात दोरीनं बांधलेलं पार्सल. ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "बाई, बऱ्याच दिवसांनी. बरं झालं आलात. तुमच्या जागी होता त्याला साधं वजन करता येत नव्हतं." मग खिडकीत वाकून कुजबुजले, "ते कोण हो? काही मोठं दुखणं दिसतंय बिचाऱ्याला."

"माझे मिस्टर आहेत," ती म्हणाली. "दुखणं वगैरे काही नाही. माझ्यासाठी करून घेतलंय त्यांनी ते."

म्हाताऱ्यांनी वळून चौकोनांकडे नीट बघितलं. मग तिच्याकडे बघितलं, आणि तिचे केस गेलेत हे तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं.

"शोभतंय हो दोघांनाही," ते म्हणाले आणि पार्सल काट्यावर ठेवलं.